थोरली ओढून नेईल तेव्हा

आटगाव, ता. शहापूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. कुंडलिककाकांस भाविकाचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. फोन तुम्ही घेत नाही, आमच्या दारात येत नाही, आणि मी तुमच्या दारात आले की गोठ्यात जाऊन बसता. राहिलं पत्र. आण घेताना तुम्ही बोलणार नाही म्हणालात, वाचणार नाही असं कुठे म्हणालात? आईने तुमचे शब्द पाठ करून ठेवलेत : "म्हशाच्या देवाची आण. ही गाडी मला ओढून तुझ्या दारात आणील तेव्हाच या घराशी बोलेन. तोवर एक शब्द नाय."

मी तेव्हा आठ वर्षांची, त्यामुळे बाकीची माहिती ऐकीव आहे. चुकलं तर दुरुस्त करा. दुसरं महायुद्ध संपल्यावर आजोबांनी कल्याण कॅम्पातल्या लिलावातून लष्कराची रिकव्हरी गाडी आणली. सहा दांडगी चाकं, पाठीवर क्रेनचा हात, त्याला दोर गुंडाळून ओढणारा विंच आणि विंचला पोलादी दोर, वायरोप. रुतलेल्या, दरीत गेलेल्या गाड्या ओढून काढायचं तिचं काम. ती तुम्हा दोघा भावांच्या आधी घरात आली म्हणून तिचं नाव थोरली. पुढे तुम्ही आणि बाबांनी कसारा घाटात तिच्यावर उभा जन्म काढला. मग तो कांद्याचा ट्रक आला. बाबा वर विंचवर, तुम्ही खाली ट्रकपाशी. वायरोप सुटला, ट्रक पुन्हा खाली आणि कांदे दरीभर. माणसांना खरचटलंसुद्धा नाही, कसाऱ्यात महिनाभर कोणी कांदा विकत घेतला नाही. पण बाबा म्हणतात, वायरोप अडकवायच्या कडीची, शॅकलची, पिन तुम्ही पुरती आवळली नव्हती. तुम्ही म्हणता, बाबांनी क्लच झटक्यात सोडला. त्यावरून वाटणी झाली. शेत वाटलं, भांडी वाटली आणि थोरलीही वाटली. धड आम्हाला, हात आणि विंच तुम्हाला. अशी गाडी कोणालाच ओढू शकणार नाही हे बघूनच तुम्ही ती आण घेतलीत, हे मला कळतं.

आता मुद्द्याचं. बाबांचा उजवा कान गेला. डाव्यात थोडं उरलंय, तेही उतरत चाललंय. डॉक्टर म्हणाले, वर्षभर धरा. बाबांनी कानाचं मशीन आणलं, पण ते डबीतून बाहेर निघत नाही. "ज्याचं ऐकायचं तो कुठं बोलतोय?" म्हणतात. हे तुम्हाला कळवू नकोस असं त्यांनी बजावलंय, म्हणून पहिल्याच पत्रात कळवते आहे.

तुमची अट मी पुरी करणार. एस.टी.च्या कार्यशाळेत मी रोज बसची इंजिनं उघडते, तेव्हा घरचं एक उघडायला हरकत नाही. सुट्टीच्या दिवशी थोरलीला हात घालते. तुम्ही फक्त क्रेनचा हात आणि विंच पाठवा.

तुमची,
भाविका


टोकावडे, ता. मुरबाड
२४ नोव्हेंबर २०२४

चि. भाविकास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हे उत्तर मी तुला लिहितो आहे, तुझ्या घराला नाही. हे पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस. कोणी चष्मा लावून चोरून वाचलं तर त्याला माझा इलाज नाही.

विंच मिळणार नाही. त्या विंचवर मी इकडच्या पंधरा गावांतल्या विहिरींचा गाळ काढतो. ओझं म्हणून वाटणीत अंगावर टाकलं होतं, मी त्याचं सोनं केलं. आता मागायला आलात.

गाडीबद्दल सांगायचं तर ती चालू होणार नाही. इंजिन जाम असेल. पोरी, हँडलला लोंबकळू नकोस, मनगट मोडून घेशील. नोझल काढ, रॉकेल आणि तेल निम्मं-निम्मं करून प्रत्येक सिलिंडरमध्ये सोड आणि विसरून जा. महिन्याने गाडी टॉप गिअरमध्ये टाकून चाकाला धरून पुढे-मागे हलव. इंजिन हललं तर हललं. हे मी तुला गाडी चालू व्हावी म्हणून सांगत नाही, तू चुकीचं काही करून तिची नासाडी करू नयेस म्हणून सांगतो.

दुरुस्त्या विचारल्यास म्हणून एक. कडी नीट होती. क्लच झटक्यात सुटला.

तुझी काकी आणि तुझी आई गेली एकोणीस वर्षं रोज दुपारी फोनवर बोलतात, हे मला माहीत नाही असं मी धरून चाललो आहे. तूही तसंच धर.

कुंडलिक


आटगाव
२२ डिसेंबर २०२४

ती. काकांस नमस्कार.

काम थांबलं आहे, आणि कारण लिहायला मला लाज वाटते. थोरलीच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर आईची कोंबडी खुडूक बसली आहे. तुम्ही सांगितलं तसं तेल सोडून मी जवळपास महिना काढला, आज चाक हलवायला गेले, तर आई झाडू घेऊन उभी. "पिल्लं निघल्याबिगर गाडीला धक्का लावायचा नाय." मी म्हटलं, टोपली उचलून घरात ठेवू. तर म्हणे, जागा हलवली की कोंबडी उठते आणि अंडी थंड पडतात. एस.टी.चे मोठे साहेब एका शब्दात गाडी सोडतात, इथे मी कोंबडीच्या परवानगीसाठी थांबले आहे.

तोवर बाहेरचं काम केलं. बॉनेटखाली एक धामण राहत होती, ती आपण होऊन निघून गेली. गंज खरवडताना दारावर लष्करी हिरव्या रंगाखाली पांढरा तारा लागला. बाबा म्हणाले, त्याला हात लावू नकोस. आणि दाराच्या कडेला खिळ्याने ओढलेल्या आडव्या रेघांच्या दोन ओळी आहेत, एकमेकींच्या वर वर चढत गेलेल्या. बाबांना विचारलं, तर ते नुसते बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "दर दिवाळीला बापूस आमची उंची मापायचा इथं." डाव्या रेघा कोणाच्या आणि उजव्या कोणाच्या, ते सांगेनात. तुम्ही सांगाल?

तुमचं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. मी आंघोळीला गेले तेव्हा ते टेबलावर होतं, आल्यावर त्याच्यावर चष्मा होता. आणि खाली पेन्सिलने लिहिलेलं : "क्लच नीट सोडला होता."

तुमची,
भाविका


टोकावडे
२० जानेवारी २०२५

चि. भाविकास आशीर्वाद.

डाव्या रेघा माझ्या. उजव्या त्याच्या, आणि त्यातल्या निम्म्या खोट्या. तो टाचा उचलायचा.

म्हशाच्या यात्रेला मी दरवर्षी जातो, घोंगडी घेतो, बैलबाजार बघतो आणि परत येतो. यंदा बैलबाजारात गर्दीपलीकडे तुझ्या घरचा माणूस उभा दिसला. बारीक झालाय. तुम्ही त्याला जेवायला घालता की नाही? मी पाठ फिरवून चालू लागलो. मग सहज, म्हणजे अगदी सहज, मागे वळून पाहिलं. तर त्याने हात वर केला, पंजा उघडा.

तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. घाटात इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही खुणांनी काम करायचो. बोट गोल फिरवलं की हळू ओढ. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे सुटली, झालं. आणि उघडा पंजा म्हणजे आहेस तिथे थांब. ती खूण पाळली नाही तर माणूस जातो. तेव्हा उघडा पंजा दिसला की आमचे पाय डोक्याला न विचारता थांबतात.

भाविका, मी थांबलो. भर यात्रेत, खांबासारखा. मागून एक बैल येऊन कमरेला धडकला, बैलवाल्याने शिवी हासडली, तरी मी हललो नाही. तो समोर पंजा वर करून उभा, मी इकडे उभा. काय करायचं ते दोघांनाही कळेना. शेवटी तुझी काकी मला दंडाला धरून घेऊन गेली. ती वाटभर हसत होती, आणि घरी येऊन भांडी घासताना रडली. बायकांचं काही कळत नाही.

काकी म्हणते, देवाला बोकड द्या आणि आणेतून सुटा. मी म्हटलं, बोकड मरेल, शब्द मरायचा नाही. घाटात आमच्या शब्दावर माणसं दरीत उतरायची.

कोंबडी उठली का?

कुंडलिक


आटगाव
३१ मार्च २०२५

ती. काकांस नमस्कार आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

कोंबडी उठली, नऊ पिल्लं झाली, आणि काल पाडव्याला थोरली बोलली!

उशीर झाला त्याचं कारण पंप आणि पाणी. डिझेल पंप शहापूरला नेऊन करून घेतला, पाण्याच्या पंपाची एक तबकडी कुठे मिळेना, ती लेथवाल्या दिपेशने घडवून दिली. टायर भिवंडीला जुन्या बाजारात मिळाले. चाकाला धरून आम्ही तिघं पुढे-मागे करत होतो. चौथ्या रविवारी आतून कट्ट झालं आणि इंजिन सुटलं. काका, रॉकेल-तेलाचा उपाय तुमचा. कार्यशाळेत मी सर्वांना माझा म्हणून सांगितला.

काल आईने बॉनेटला हळद-कुंकू लावलं, गुढीच्या साखरेच्या गाठीतला एक तुकडा आरशाला बांधला. मी सेल्फ मारला. दोनदा नुसता धूर. तिसऱ्यांदा अख्ख्या आळीची कुत्री पळाली. मी उडी मारून खाली आले, ओरडत, नाचत. आणि बघते तर बाबा तसेच. त्यांच्या तोंडाकडे बघून माझ्या लक्षात आलं की त्यांना आवाज आला नाही.

पण ते पुढे गेले, मडगार्डवर पंजा टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "एक सिलिंडर उशिरा बोलतो. मागून दुसरा." मी नोझल उघडून पाहिलं. मागून दुसरंच खराब होतं. मग संध्याकाळपर्यंत ते तिथेच हात ठेवून उभे. आई म्हणाली, "एवढा येळ माज्या हाताला कदी हात लावला नाय."

गेल्या आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे गेलो होतो. डावा कान त्यांना वाटलं त्याहून लवकर उतरतो आहे. मशीन लावलं तर अजून काही महिने माणसाचा आवाज कळेल, म्हणाले. मशीन अजून डबीतच.

आता तुमच्याकडे काय आहे ते मी पुन्हा सांगत नाही.

भाविका


टोकावडे
१८ एप्रिल २०२५

चि. भाविकास आशीर्वाद.

मागून दुसरा सिलिंडर पूर्वीपासूनच उशिरा बोलतो. तो तिचा स्वभाव आहे.

पत्र काकीने दोनदा वाचलं, मी एकदा. (हे खोटं आहे असं ती इथे बाजूला बसून म्हणते आहे.)

विंचचं असं आहे. वैशाखात विहिरी उपसतात. सात गावांना मी शब्द दिलाय. ते काम झालं की आमच्या गावच्या रविंद्रच्या टेम्पोने हात आणि विंच दोन्ही पाठवतो. पुढच्या वर्षी विहिरींचं काय, असं सरपंच विचारत होते. मी म्हटलं, पुढच्या वर्षी विंच स्वतःच्या पायांनी येईल, सोबत इंजिन घेऊन. हे बोलून गेलो आणि मग जीभ चावली.

वायरोप नवा घे. जुना मी कोणाच्याही जिवावर लावू देणार नाही. कडी मात्र तीच पाठवतो आहे, त्या दिवसाची. नीट बघ आणि सांग तिच्या आट्यात काही दोष आहे का.

पण एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करतो, नंतर गळ्यात पडू नका. गाडी तयार होईल, पण ओढायचं कोणाला? माझी जीप धडधाकट आहे. ज्याने तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या ओढल्या, त्याची गाडी दोरीला बांधून आणली हे शहापूर-मुरबाडने बघायचं? तू म्हणशील, चांगली जीप बांधा आणि आणा. ते सोंग झालं. देवाला सोंग चालत नाही, आणि मलाही. रुतलेल्याला ओढतात. मी रुतत नाही. आजवर कधी रुतलो नाही.

त्याला मशीन लावायला सांग. मी सांगितलं असं सांगू नकोस.

कुंडलिक


आटगाव
१५ जून २०२५

ती. काकांस नमस्कार.

विंच बसला. हात बसला. रविंद्र म्हणाला, टेम्पो निघताना तुम्ही विंचला नारळ फोडलात आणि मग पाठ करून उभे राहिलात. इकडे बाबांनी टेम्पोतून विंच उतरू दिला नाही, आधी कापडाने पुसला. "ग्रीस चांगला राखलाय," एवढंच बोलले. बाबांच्या तोंडून तुमची एवढी स्तुती मी प्रथमच ऐकली.

शॅकल बघितली. आटे नीट आहेत. क्लचही उघडला होता, त्यातही काही खोट नाही. निकाल माझ्याकडून मिळणार नाही, तुमचा खटला तुम्हीच चालवा.

कागदपत्रं, विमा, ब्रेक, दिवे, सगळं झालं आहे. मागच्या मंगळवारी तानसाच्या रस्त्याला विटांचा ट्रक गटारात गेला, ती थोरलीची पहिली ओढ. मी स्टिअरिंगवर, बाबा विंचवर. ट्रक वर आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी सवयीने खाली, तुम्ही उभे राहायचात तिथे पाहिलं. तिथे विटांचा मालक उभा होता. मग ते केबिनमध्ये येऊन बसले.

काका, थट्टा पुरे, आता सरळ लिहिते. मला गाडीची हौस नाही. लोक फोटो काढतात, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला बोलावतात, ते सगळं छान आहे. पण मी सात महिने कोंबडीपासून क्लचपर्यंत जे काही केलं ते एकासाठी : बाबांना तुमचा आवाज ऐकू यावा. गेला तो कान परत यायचा नाही. आजही आईने हाक मारली तर ते वळत नाहीत. रोज संध्याकाळी ते थोरलीला पुसतात, डिझेल बघतात आणि रस्त्याकडे तोंड करून लावून ठेवतात. तुम्ही कधी रुतला नाहीत हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. आमच्यासाठी एकदा रुता. त्यांचा कान जातोय, तुमचं तोंड तर शाबूत आहे ना?

शेवटचं वाक्य चुकून उद्धट झालं. खोडत नाही.

तुमची,
भाविका


टोकावडे
९ जुलै २०२५

चि. भाविकास आशीर्वाद.

एक छोटी अडचण आली आहे. घाई नाही, म्हणून पत्राने कळवतो.

काल सकाळी खालच्या खाचराच्या बांधावरून जीप नेत होतो. बांध भिजलेला होता. जीप घसरली आणि चिखलात बसली. दोन्ही मागची चाकं पुरती आत, पोट जमिनीला टेकलं आहे. माणसाच्या हातून कधी कधी होतं.

गावातला ट्रॅक्टर दोन मिनिटांत काढतो म्हणून पोरं धावत आली होती, त्यांना मी परत पाठवलं. लष्करी वापराची जुनी गाडी, विंच आणि अनुभवी माणूस असल्याशिवाय ही ओढ करणं धोक्याचं आहे. तुमच्या माहितीत अशी कोणी गाडी असल्यास पाठवावी. तोवर जीपवर ताडपत्री टाकली आहे आणि मी बांधावर छत्री घेऊन बसतो आहे.

कुंडलिक

ता. क. भावे, मी हिरीकाकी लिवते. बांध भिजलेला नव्हता, वरून सुका व्हता. हे सोताच जीप घेऊन आत गेले. पयल्यांदा गेले तर जीप आपली आपण बाहेर आली. मग मागं घेतली न् पुन्ना घातली, जास्ती जोरात. मी बांधावर उभी राहून सगला बघला. हे मला म्हणतात, तू आत्ताच आलीस ना? मी म्हटलं, हो, आत्ताच आले. लवकर या गो, कालपासना हे जेवायलासुदा घरात येत नाय, कोनी ट्रॅक्टर लावील म्हणून. न् तुमच्या दारात काय होईल ते मला नीट लिवून कळव. फोनवर तुजी आय नुसती हसत सुटते, काय कळत नाय. मी लावणी सोडून येऊ शकत नाय.


आटगाव
२० जुलै २०२५

ती. हिरीकाकीस नमस्कार.

तुमच्या बांधावरून आम्ही निघालो तोवरचं तुम्ही पाहिलंत, तरी सगळं लिहिते, कारण तुम्ही पदरात तोंड लपवून उभ्या होतात आणि निम्मं तुमचं हुकलं असेल.

थोरली खाचराच्या कडेला लावली तेव्हा काका छत्री मिटून उठले. बाबा उतरले. एकमेकांकडे पाहिलं, कोणी काही बोललं नाही. आण होती ना, ओढून दारात पोचेपर्यंत. मी वायरोप खाली नेऊन दिला. काकांनी शॅकल घातली, पिन आवळली, पुन्हा आवळली, पाना लावून तिसऱ्यांदा आवळली आणि मग बाजूला होऊन बाबांना दोन्ही हातांनी दाखवली : बघ, नीट. बाबांनी मान हलवली आणि क्लच इतक्या हळू सोडला, इतक्या हळू, की वायरोप ताठ होताना बांधावरचा बगळासुद्धा उडाला नाही. आता तुझी पाळी, बघ, अशा नजरेने त्यांनी काकांकडे पाहिलं. दोघंही एकोणीस वर्षांपूर्वीचा खटला तिथे चिखलात लढत होते.

मग काकांनी बोट गोल फिरवलं. हळू ओढ. बाबांनी ओढलं. पंजा, थांब. बोट, ओढ. मी स्टिअरिंगवर बसून नुसती बघत होते. मला त्यातलं काही शिकवावं लागलं नाही आणि त्यांना काही आठवावं लागलं नाही. जीप वर आली तेव्हा काकांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, आणि ते तसेच ठेवून किती तरी वेळ उभे राहिले. बाबांनीही विंचवर उभं राहून हात वर केले. इथे तुम्ही तोंड लपवलंत.

आता पुढचं, जे तुम्ही पाहिलं नाहीत. जीप थोरलीच्या मागे बांधली आणि काका जीपच्या स्टिअरिंगला बसले. सरळगाव, किन्हवली, शहापूर, प्रत्येक नाक्यावर लोक उभे राहून बघत होते. "कुंडलिकशेठ, तुमी पन?" असं कोणीतरी ओरडलं. काकांनी नमस्कार केला, उमेदवार करतात तसा. किन्हवलीला चहाला थांबलो तर काका खाली उतरेनात. ओढ मध्येच तुटली असं देवाने म्हणायला नको. चहा मी जीपमध्ये नेऊन दिला. भजी बाबांनी पाठवली, माझ्या हातून.

दारात आलो. आईने दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. काका जीपमधून उतरले, अंगणात आले आणि पायरीशी थांबले. बाबा वर ओटीवर. बाबांनी खिशातून ती डबी काढली, काकी. मशीन काढलं, कानात घातलं, बोटाने चाचपलं आणि काकांकडे बघत राहिले. मला वाटलं, काका म्हणतील दादा, किंवा रडतील, किंवा पाया पडतील.

काका म्हणाले, "शॅकल नीट व्हती."

बाबांनी कानाला हात लावला. "काय म्हनतोस?"

"शॅकल नीट व्हती म्हनतो! कलच तू झटक्यात सोडलास!"

"काय?"

काका पायऱ्या चढून थेट बाबांच्या कानाशी गेले आणि अशा आवाजात ओरडले की आमच्या कोंबड्या परसात पळाल्या. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते हसत होते. म्हणाले, "पयल्याच खेपेला आयकला होता रे मी. तू पुन्ना पुन्ना बोलावास म्हनून 'काय, काय' म्हनत होतो."

मग काका ओटीवर खालीच बसले, बाबांच्या पायाशी, आणि दोघंही तसेच हात धरून रडले. पण फार वेळ नाही. आई चहा घेऊन येईपर्यंत शॅकल पुन्हा सुरू झाली होती.

त्याला आज सहावा दिवस. तुम्ही विचारता काका कधी येणार. लावणी खोळंबली आहे हे मी त्यांना तीनदा सांगितलं. ते म्हणतात, एक मुद्दा राहिलाय, तो झाला की निघतो. रोज सकाळी दोघं थोरलीच्या मडगार्डवर हात ठेवून मागून दुसऱ्या सिलिंडरबद्दल भांडतात, दुपारी क्लचबद्दल, संध्याकाळी दारावरच्या रेघांबद्दल. काल काकांनी बाबांना टाचा टेकवून दाराशी उभं केलं आणि नवी रेघ मारली, मग स्वतःचीही. दोघांच्या रेघा जुन्या शेवटच्या रेघांपेक्षा खाली आल्या. आजोबांचं माप चुकलं असणार, यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं.

डॉक्टरांनी सांगितलं ते होणार तेव्हा होईल. मला आता त्याची तेवढी भीती वाटत नाही, आणि का ते सांगते. बाबा वादात हरायला लागले की हळूच मशीन काढून खिशात टाकतात. "आता मला काय आयकू येत नाय," म्हणतात. मग काका उठून समोर अंगणात जाऊन उभे राहतात, हवेत शॅकल धरतात, पिन आवळून दाखवतात, एकदा, दोनदा, तीनदा. बाबा ओटीवरून हवेतला क्लच सोडून दाखवतात, हळू, अगदी हळू. तोंडातून शब्द नाही, आणि भांडण अख्ख्या आळीला कळतं.

तुमची,
भाविका